विश्लेषण : ध्रुवावरून फिरणारे हवामान उपग्रह एकेक करून बंद… आपल्या पावसाच्या अंदाजाचे काय?

मोबाइलवर ‘उद्या मुसळधार’ असा इशारा आला की त्यामागे इन्सॅटने टिपलेली ढगांची छायाचित्रे असतील, असे बहुतेकांना वाटते. ती असतातच. पण चार-पाच दिवस पुढचा अंदाज ज्या आकडेमोडीतून निघतो, तिची भिस्त मोठ्या प्रमाणावर वेगळ्याच उपग्रहांवर असते. पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरून फेऱ्या मारणारे हे हवामान उपग्रह प्रामुख्याने अमेरिका, युरोप आणि चीन यांचे आहेत. २०२५ मध्ये त्यातील तीन जुने अमेरिकी उपग्रह कायमचे बंद झाले. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या आणखी तीन उपग्रहांची माहिती अवघ्या पाच दिवसांच्या सूचनेवर थांबवण्याची घोषणा झाली आणि नंतर ती मागे घेतली गेली. या घडामोडींचा आपल्या पावसाच्या अंदाजाशी काय संबंध आहे आणि भारताकडे स्वतःचे काय आहे, याविषयी…

नेमके काय घडले?

अमेरिकेची राष्ट्रीय सागरी आणि वातावरण संस्था म्हणजे ‘नोआ’. हवामान उपग्रह चालवण्याची जबाबदारी तिच्याकडे आहे. नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९ हे तिचे जुन्या पिढीतील अखेरचे तीन कार्यरत उपग्रह होते. ते अनुक्रमे मे १९९८, मे २००५ आणि फेब्रुवारी २००९ मध्ये सोडण्यात आले होते. मोजक्या वर्षांसाठी बनवलेल्या या यंत्रांनी १६ ते २७ वर्षे काम केले.

६ जून २०२५ रोजी नोआ-१८ बंद करण्यात आला. त्याच्या प्रक्षेपकात, म्हणजे माहिती जमिनीवर पाठवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला होता. ऑगस्टमध्ये नोआ-१९ च्या बॅटरीने दगा दिला आणि १३ ऑगस्टला तोही बंद झाला. १९ ऑगस्टला नोआ-१५ ला निरोप देण्यात आला. त्याबरोबर १९७८ मध्ये ‘टायरॉस-एन’पासून सुरू झालेली उपग्रहांची पिढी संपली.

या उपग्रहांची आणखी एक ओळख होती. ते १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या रेडिओ संकेतांत छायाचित्रे प्रसारित करत. घरगुती तारेची अँटेना, एक स्वस्त यूएसबी रेडिओ आणि लॅपटॉप एवढ्या सामग्रीवर जगभरातील हौशी मंडळी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी गच्चीवरून ही चित्रे थेट उतरवत असत. घड्याळासारखी टिकटिक ऐकू येई आणि पडद्यावर सेकंदाला दोन ओळी या वेगाने ढग उमटत. ही टिकटिक आता थांबली. रशियाचे ‘मेटिओर’ उपग्रह याच पट्ट्यात अजून चित्रे पाठवतात, मात्र ती डिजिटल पद्धतीने.

इन्सॅट असताना ध्रुवीय उपग्रह कशाला?

इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत. तेथे त्यांची फेरी पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच वेळेत पूर्ण होते. त्यामुळे जमिनीवरून पाहता ते एकाच जागी थांबलेले दिसतात. याला भूस्थिर कक्षा म्हणतात. त्यांची नजर भारतीय उपखंडावर आणि हिंदी महासागरावर चोवीस तास असते. ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत, वादळ किती वाढले, हे दर काही मिनिटांनी पाहायचे तर त्यांना पर्याय नाही.

पण ३६ हजार किलोमीटर हे फार मोठे अंतर आहे. तेथून ढगांचे माथे स्पष्ट दिसतात. ढगांच्या आत आणि खाली हवा किती गरम आहे, किती बाष्प आहे, हे समजण्यासाठी जे क्षीण संकेत टिपावे लागतात, ते इतक्या लांबून बारकाईने टिपायला प्रचंड आकाराची अँटेना लागेल.

ध्रुवीय उपग्रह साधारण ८०० ते ८५० किलोमीटर उंचीवरून फिरतात, म्हणजे चाळीस पटींहून जवळून. एक फेरी सुमारे १०१ मिनिटांत आणि दिवसाला १४ फेऱ्या. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर असा उपग्रह साधारण आठ मिनिटांत कापतो. तो उत्तर-दक्षिण फिरत असताना खाली पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे वळत असते. एका फेरीत ती सुमारे २५ अंश वळते, म्हणजे विषुववृत्तावर जवळपास २,८०० किलोमीटर. उपग्रहाच्या मुख्य कॅमेऱ्याचा पट्टा त्याहून थोडा रुंद, सुमारे ३,००० किलोमीटरचा असतो. त्यामुळे एका फेरीचा पट्टा दुसऱ्याला चिकटतो आणि एकच उपग्रह दिवसातून दोनदा संपूर्ण पृथ्वी पाहून घेतो. भूस्थिर उपग्रहांना नीट न दिसणारे ध्रुवप्रदेशही त्यात आले.

तो रोज एकाच वेळी आपल्या डोक्यावर कसा येतो?

यामागे पृथ्वीच्या आकाराची मदत आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. या फुगवट्याच्या ओढीने उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू वळत राहते. कक्षेचा कल ९८ ते ९९ अंशांच्या आसपास ठेवला तर हे वळणे दिवसाला जवळपास एक अंश भरते. पृथ्वीही सूर्याभोवती दिवसाला साधारण एवढीच पुढे सरकते. त्यामुळे सूर्य आणि कक्षा यांतील कोन वर्षभर तोच राहतो. याला सूर्यसमकालिक कक्षा म्हणतात. रोज त्याच स्थानिक वेळेला निरीक्षण झाले की आजचे मोजमाप कालच्याशी आणि दहा वर्षांपूर्वीच्या मोजमापाशी ताडून पाहता येते.

जगातील प्रमुख हवामान संस्थांनी या वेळा वाटून घेतल्या आहेत. युरोपचे ‘मेटॉप’ उपग्रह सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास येतात. अमेरिकेचे नवे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपासची वेळ चीनच्या ‘फेंगयुन-३ई’ने जुलै २०२१ पासून सांभाळली आहे. तिन्ही मिळून दिवसात सहा वेळा जगाचे निरीक्षण होते.

जुन्या नोआ उपग्रहांत कक्षा सुधारण्यासाठी इंधनाची सोय नव्हती. त्यामुळे त्यांची वेळ वर्षागणिक सरकत गेली. नव्या उपग्रहांत ही त्रुटी दूर करण्यात आली.

या पद्धतीला मर्यादाही आहे. दोन खेपांच्या मध्ये जे घडते ते निसटते. पंजाब-हरयाणातील शेतातल्या आगी मोजण्यासाठी दुपारी दीडला येणाऱ्या उपग्रहांची माहिती वापरली जाते. त्यानंतर लावलेल्या आगी मोजणीतून सुटतात, असा मुद्दा संशोधकांनी २०२४ मध्ये मांडला होता. म्हणून भूस्थिर आणि ध्रुवीय असे दोन्ही उपग्रह लागतात.

या उपग्रहांवर कोणती उपकरणे असतात?

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला, चित्र काढणारे. जुन्या नोआ उपग्रहांवर ‘एव्हीएचआरआर’ हा कॅमेरा होता. सहा वाहिन्या आणि थेट खाली पाहताना सुमारे १.१ किलोमीटर इतका तपशील, ही त्याची क्षमता. नव्या पिढीतील ‘विअर्स’ या उपकरणाला २२ वाहिन्या आहेत आणि त्याचा सर्वात बारीक तपशील ३७५ मीटर आहे. समुद्राचे तापमान, धूर, धुके, वणवे आणि रात्रीचे दिवे तो टिपतो.

दुसरा प्रकार म्हणजे ‘साउंडर’. तो चित्र काढत नाही, तर हवेच्या थरांचे तापमान आणि बाष्प मोजतो. एखाद्या शहरावरून फुगा सोडून जे मोजमाप घेतले जाते, तेच काम तो अंतराळातून करतो आणि जेथे फुगा सोडायला कोणी नाही अशा समुद्रावरही करतो. अरबी समुद्र आणि हिंदी महासागराच्या बाबतीत याचे महत्त्व सांगायला नको. आपला सगळा मोसमी पाऊस तेथूनच येतो.

साउंडर पुन्हा दोन जातींचे. अवरक्त साउंडर अतिशय बारीक मोजमाप करतात. मेटॉपवरील ‘आयासी’ला ८,४६१ वाहिन्या आहेत, तर अमेरिकेच्या ‘क्रिस’ला २,२११. पण अवरक्त किरणांना दाट ढग अडवतात. दुसरी जात सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह साउंडरची. अंदाजाच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाची माहिती त्यांच्याकडून मिळते.

ढगांच्या पलीकडचे दिसते तरी कसे?

प्रत्येक वस्तू तापमानानुसार प्रारणे सोडते. हवाही त्याला अपवाद नाही. हवेतील ऑक्सिजन ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अतिशय क्षीण सूक्ष्मलहरी सोडतो. पाण्याची वाफ १८३ गिगाहर्ट्झच्या आसपास सोडते. पावसाळी ढगांखेरीज बहुतेक ढगांतून या लहरी फारशा अडथळ्याविना पार होतात.

यातली खुबी वारंवारतेत आहे. ऑक्सिजनच्या पट्ट्याच्या मध्यभागी हवा जवळपास अपारदर्शक असते. त्यामुळे तेथे मिळणारा संकेत वरच्या थरांतून आलेला असतो. पट्ट्याच्या कडेला सरकावे तसतशी हवा पारदर्शक होत जाते आणि संकेत खालच्या थरांतून येऊ लागतो. म्हणजे रेडिओचे बटण फिरवावे तसे वेगवेगळ्या वारंवारतांवर ऐकले की वेगवेगळ्या उंचीवरील तापमान समजते. सध्याच्या अमेरिकी उपग्रहांवरील ‘एटीएमएस’ हे उपकरण अशा २२ वाहिन्यांवर ऐकते. त्याचा आरसा तीन सेकंदांपेक्षा कमी वेळात एक फेरी घेतो. प्रत्येक फेरीत तो पृथ्वीबरोबरच एकदा थंडगार अंतराळाकडे आणि एकदा उपग्रहातीलच ठरावीक तापमानाच्या वस्तूकडे पाहतो. ही दोन मोजमापे ठाऊक असल्याने मधले मोजमाप किती खरे, हे दर फेरीला तपासले जाते.

हे संकेत इतके क्षीण असतात की शेजारच्या पट्ट्यातील मोबाइल सेवाही त्यांना अडथळा ठरू शकते. बाष्प मोजण्याची एक वाहिनी २३.८ गिगाहर्ट्झला आहे आणि ५जीचा एक पट्टा २४.२५ गिगाहर्ट्झपासून सुरू होतो. भारतानेही २०२२ मध्ये हा पट्टा लिलावात काढला होता. शेजारच्या पट्ट्यात किती गळती चालेल, याची मर्यादा २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरवण्यात आली. ती पुरेशी कडक नाही, असे हवामान संस्थांचे म्हणणे होते.

याने अंदाज किती सुधारतो?

हवामानाचा अंदाज महासंगणकावर काढला जातो. आत्ता संपूर्ण पृथ्वीवरील हवा कोणत्या स्थितीत आहे, हे आधी संगणकाला सांगावे लागते. त्यावरून तो पुढची स्थिती गणिताने काढतो. सुरुवातीच्या स्थितीतील छोटी चूक चार-पाच दिवसांत मोठी होते. भारताचा आठवडाभराचा अंदाज हवा असेल तर केवळ भारतावरील निरीक्षणे पुरत नाहीत, कारण आठवड्यानंतर येथे येणारी हवा आज हजारो किलोमीटर दूर असते. म्हणून संपूर्ण जगाचे मोजमाप लागते आणि ते ध्रुवीय उपग्रहांकडूनच मिळते.

याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील ‘सँडी’ वादळाचे आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी समुद्रातून अचानक पश्चिमेकडे वळून न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकले. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने हे वळण कित्येक दिवस आधी वर्तवले होते. नंतर याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी ध्रुवीय उपग्रहांची माहिती वगळून तोच अंदाज पुन्हा काढून पाहिला. तेव्हा चार-पाच दिवस आधीच्या अंदाजात वादळ न्यू जर्सीवर धडकेल, हे दिसेनासे झाले. भूस्थिर उपग्रहांची माहिती वगळल्यावर मात्र इतका फरक पडला नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी हवामान प्रारूपे आली आहेत. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील साडेतीन कोटींहून अधिक शेतकऱ्यांना अशा प्रारूपांच्या आधारे मान्सूनच्या आगमनाचे संदेश पाठवले. या प्रारूपांना उपग्रह लागत नाहीत, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ती शिकली आहेत जुन्या नोंदींवरून. गुगल डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’चे प्रशिक्षण १९७९ पासूनच्या माहितीवर झाले. त्या सुमारासच उपग्रहांकडून जगभराची नियमित निरीक्षणे मिळू लागली होती. शिवाय रोजच्या अंदाजासाठी ‘आजची स्थिती’ या प्रारूपांनाही पुरवावीच लागते.

चक्रीवादळाच्या वेळी काय फरक पडतो?

‘निसर्ग’ चक्रीवादळाची तारीखवार नोंद पाहिली की वेळेचे मोल कळते. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला. २ जूनला त्याचे चक्रीवादळात रूपांतर झाले आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. तयारीसाठी हाताशी अडीच दिवसही नव्हते.

अशा वेळी वादळाचे केंद्र नेमके कोठे आहे, हे आधी ठरवावे लागते. सुरुवातीच्या टप्प्यात वादळावर पांढऱ्या ढगांचे छत्र पसरलेले असते. रात्री दृश्य प्रकाशातील छायाचित्र मिळत नाही. अवरक्त चित्रात छत्राचा माथा दिसतो, खालचा डोळा झाकलेला राहतो. किनाऱ्यावरील रडारची नजर काहीशे किलोमीटरपर्यंतच पोहोचते. सूक्ष्मलहरी उपकरण छत्राखालील पावसाची कडी दाखवते. ही कडी आवळत चालली असेल तर वादळ झपाट्याने तीव्र होण्याची शक्यता असते. केंद्राच्या जागेत ५० किलोमीटरची चूक झाली तर इशारा रायगडऐवजी रत्नागिरीला द्यायचा की मुंबईला, येथूनच गोंधळ सुरू होतो.

पाच दिवसांच्या सूचनेचे प्रकरण काय होते?

वादळांच्या आत पाहण्यासाठी जगभरात वापरल्या जाणाऱ्या उपकरणांपैकी तीन अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डीएमएसपी’ या लष्करी हवामान उपग्रहांवर आहेत. २५ जून २०२५ रोजी नोआने जाहीर केले की ३० जूनपासून ही माहिती देणे बंद होईल. सायबर सुरक्षेचा धोका हे कारण देण्यात आले. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. वादळतज्ज्ञ आणि ध्रुवीय बर्फाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी चिंता व्यक्त केली. मुदत आधी ३१ जुलैपर्यंत वाढली आणि त्या महिन्याच्या अखेरीस निर्णयच फिरवण्यात आला. उपकरणे बिघडेपर्यंत किंवा सप्टेंबर २०२६ मध्ये कार्यक्रम औपचारिकरीत्या संपेपर्यंत माहिती मिळत राहील, असे सांगण्यात आले.

उपग्रह ठणठणीत होते. बंद होणार होता तो माहितीचा नळ. जुना उपग्रह आज ना उद्या बिघडणार, हे गृहीत धरून हवामान संस्था नियोजन करतात. चालू उपग्रहाची माहिती एका पत्रकाने थांबू शकते, हे मात्र फारसे कोणी गृहीत धरले नव्हते. १९७० च्या दशकापासून विनाशुल्क मिळत आलेल्या माहितीविषयी हा नवा धडा होता.

हवामानाची माहिती देशांनी एकमेकांना विनाशुल्क द्यावी, असा ठराव जागतिक हवामान संघटनेने १९९५ मध्ये केला आणि २०२१ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. या ठरावामुळेच गरीब देशांनाही अंदाज मिळतो. पण तो सदस्य देशांच्या सहकार्यावर चालतो. एखाद्या देशाने निधी कापला किंवा धोरण बदलले तर त्याला भाग पाडणारी यंत्रणा नाही.

जुन्यांची जागा कोण घेणार?

तूर्त पोकळी मोठी नाही. अमेरिकेचे सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ हे नव्या पिढीचे उपग्रह अनुक्रमे २०११, २०१७ आणि २०२२ मध्ये सोडले गेले. युरोपचे मेटॉप-बी आणि मेटॉप-सी काम करत आहेत. नोआ-१९ बंद झाला त्याच दिवशी, १३ ऑगस्ट २०२५ रोजी, युरोपच्या दुसऱ्या पिढीतील पहिला मेटॉप उपग्रह ‘एरियन-६’ अग्निबाणाने अवकाशात गेला. त्यावरील नव्या आयासीच्या वाहिन्या पूर्वीपेक्षा जवळपास दुप्पट आहेत. जपानचा जीकॉम-डब्ल्यू उपग्रहही सूक्ष्मलहरी निरीक्षणे पुरवतो आणि अमेरिकेतील बर्फ नोंदणी केंद्राने डीएमएसपीऐवजी त्याच्याकडे मोर्चा वळवला आहे.

पण हा ताफा किती नाजूक धाग्यावर असतो, हे नोआ-१९ नेच दाखवले होते. ६ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतील कारखान्यात त्याला उभ्याचा आडवा करत असताना तो गाडीवरून थेट जमिनीवर कोसळला. गाडीवरील तबकडीला उपग्रह घट्ट धरून ठेवणारे २४ बोल्ट दुसऱ्या चमूने काढून नेले होते आणि ते जागेवर आहेत का, हे कोणी तपासले नाही. कागदावर मात्र तपासणी झाल्याची नोंद होती. दुरुस्तीचा खर्च १३.५ कोटी डॉलरवर गेला आणि उपग्रह २००९ मध्ये उडाला. राखीव उपग्रह एका रात्रीत तयार होत नाही.

बंद पडल्यानंतरचा प्रश्न वेगळाच. या उंचीवर हवा इतकी विरळ आहे की निवृत्त उपग्रह शंभर वर्षांहून अधिक काळ फिरत राहू शकतात. नोआ-१६ निवृत्तीनंतर २०१५ मध्ये आणि नोआ-१७ २०२१ मध्ये कक्षेतच फुटले. म्हणून आता निरोप देताना बॅटरी रिकामी करून यंत्रणा शांत केली जाते. मेटॉप-एला तर २०२१ मध्ये बंद करण्यापूर्वी खालच्या कक्षेत आणले गेले, म्हणजे तो लवकर वातावरणात जळून जाईल.

भारताकडे स्वतःचे काय आहे?

बरेच आहे, पण एक महत्त्वाची जागा रिकामी आहे. इन्सॅट-३डीआर २०१६ मध्ये आणि इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडण्यात आला. दोन्हींवर १९ वाहिन्यांचा साउंडर आहे. तो अवरक्त आहे, म्हणजे मोसमी पावसाच्या दिवसांत, जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा, ढग त्याची वाट अडवतात.

ध्रुवीय कक्षा इस्रोला नवी नाही. पीएसएलव्ही हा अग्निबाण मुळात याच कक्षेसाठी तयार झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला ओशनसॅट-३ याच कक्षेतून समुद्रावरील वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजतो. ही माहिती चक्रीवादळाच्या अंदाजात कामी येते आणि ती इतर देशांनाही दिली जाते. ३० जुलै २०२५ रोजी गेलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ही ध्रुवीय कक्षेत आहे. त्याचे रडार मात्र जमीन आणि बर्फाच्या हालचाली मोजण्यासाठी आहे, हवेच्या थरांचे तापमान मोजण्यासाठी नव्हे.

सूक्ष्मलहरी साउंडरच्या बाबतीत भारत एकदा फार जवळ गेला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये फ्रान्सबरोबर सोडलेल्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’वर ‘सॅफिर’ हे बाष्प मोजणारे उपकरण होते. कक्षेचा कल केवळ २० अंशांचा असल्याने तो उष्ण कटिबंधावरून दिवसातून अनेकदा जाई. त्याची माहिती युरोपीय केंद्रानेही वापरली. पण सॅफिर फ्रान्सने बनवलेले होते. मार्च २०२३ मध्ये हा उपग्रह नियंत्रितपणे प्रशांत महासागरावर पाडण्यात आला. त्याआधी महिनाभर, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, ईओएस-०७ या छोट्या उपग्रहातून स्वदेशी बाष्प साउंडर प्रयोगादाखल पाठवण्यात आला. ध्रुवीय कक्षेत रोजच्या अंदाजासाठी सेवा देणारा स्वतःचा सूक्ष्मलहरी साउंडर मात्र भारताकडे अद्याप नाही. नोएडातील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राची प्रारूपे ही माहिती अमेरिकी आणि युरोपीय उपग्रहांकडून घेतात.

दुसरीकडे आकडेमोडीची ताकद वाढली आहे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेत ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ हे महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली. आधी १२ किलोमीटरच्या चौकटीत निघणारा अंदाज आता सहा किलोमीटरच्या चौकटीत निघतो. दोन हजार कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’मध्ये नवी रडार आणि प्रगत उपग्रह उपकरणे यांचा समावेश आहे. थोडक्यात, गिरणी मोठी झाली, पण दळायला येणारे बरेचसे धान्य अजून शेजाऱ्यांकडचे आहे.

मग काळजी करावी का?

उद्याच्या अंदाजावर तीन जुने उपग्रह बंद झाल्याने लक्षात येईल असा परिणाम होणार नाही. नव्या उपग्रहांनी त्यांची जागा आधीच घेतली होती. पण प्रत्येक वेळेच्या कक्षेत एक-दोनच उपग्रह असतात. त्यातील एखादे उपकरण बिघडले किंवा एखाद्या देशाने हात आखडता घेतला तर दिवसातील सहा निरीक्षणांची चार होतात. त्याचा फटका दोन दिवसांच्या अंदाजापेक्षा पाच-सात दिवसांच्या अंदाजाला अधिक बसतो. पेरणी करायची की थांबायचे, धरणातून पाणी कधी सोडायचे, मच्छीमारांना समुद्रातून कधी परत बोलवायचे, हे निर्णय याच अंदाजावर होतात.

सगळेच उपग्रह स्वतःचे असावेत, असे कोणताही देश म्हणत नाही. अमेरिका युरोपच्या सकाळच्या निरीक्षणांवर विसंबते आणि युरोप अमेरिकेच्या दुपारच्या. फरक इतकाच, की त्या व्यवहारात दोघांकडेही देण्यासारखे काही आहे. समुद्रावरील वाऱ्यांच्या बाबतीत भारतही ओशनसॅटच्या जोरावर असा देणारा देश आहे. ढगांखालच्या हवेच्या तापमानाबाबत तो अजून घेणाराच आहे. अग्निबाण आहे, महासंगणक आहे, अंदाज काढणारे शास्त्रज्ञ आहेत. सूक्ष्मलहरी साउंडर प्रयोगाच्या पायरीवरून रोजच्या सेवेत आणायला किती वर्षे लागतात, यावर पुढच्या दशकातील मान्सूनच्या अंदाजाची भिस्त कोणावर असेल, हे ठरेल.